सात मिनिटांची सुरमई

रविवारी सकाळी साडेनऊला पिशवीतून घरात आलेली सुरमई दुपारी दीड वाजता ताटात पडते. मधल्या चार तासांपैकी ती प्रत्यक्ष तव्यावर किती वेळ असते, हे घड्याळ लावून पाहण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही, कारण उत्तर फार अपमानास्पद आहे. एका घाण्याला सात मिनिटं, तुकडी जाड असली तर आठ. दोन घाणे धरले तरी जेमतेम पाव तास. उरलेले पावणेचार तास सुरमई काहीच करत नसते. ती ताटलीत पडून असते आणि घर तिच्याबद्दल बोलत असतं. तेव्हा प्रस्तुत लेखाचं म्हणणं एवढंच, की मसाला लावलेली माशाची तुकडी हा आपल्या स्वयंपाकघरातला सर्वांत झटपट होणारा ऐवज आहे. तिला होणारा सगळा उशीर माणसांचा असतो, त्यात माशाचा काडीचाही दोष नसतो. हे म्हणणं मांडणाऱ्याचा या विषयातला अधिकार ताट पुढे करण्यापलीकडे फारसा जात नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं. पण क्रिकेटवर, अर्थसंकल्पावर आणि दुसऱ्याच्या घरच्या लग्नावर बोलायला आपल्याकडे जेवढा अधिकार लागतो, तेवढा नक्कीच आहे.

आधी माशाची बाजू ऐकू. बोकडाला जन्मभर स्वतःचं वजन चार पायांवर पेलावं लागतं, माळरानं तुडवावी लागतात, शिवाय अधूनमधून दुसऱ्या बोकडाशी टक्कर घ्यावी लागते. या कष्टांपायी त्याच्या मांसात चिवट धाग्यांचं जाळं तयार होतं आणि ते सैल पडेपर्यंत आपल्याला कुकरच्या शिट्ट्या मोजत बसावं लागतं. माशाचं वजन परस्पर समुद्रच पेलतो. त्याचं मांस आखूड धाग्यांचं, पापुद्र्यांवर पापुद्रे रचलेलं असतं आणि ते पापुद्रे धरून ठेवणारे पडदे इतके नाजूक, की थोड्या उष्णतेने विरघळतात. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास सुरमई शिजून पांढरी झालेली असते. पुढे तिला जितकं तापवावं तितकी ती वाळत जाते. एक इंच जाडीला दहा मिनिटं, असा एक ठोकताळा कॅनडाच्या मत्स्यखात्याच्या नावावर सांगितला जातो आणि जेम्स बिअर्ड या अमेरिकी पाककलालेखकाने तो घरोघरी पोचवला. आपल्या बाजारातली सुरमईची तुकडी अर्धा ते पाऊण इंच जाडीची असते. त्रैराशिक मांडा, उत्तर पाच ते साडेसात मिनिटांचं येतं. शाळेत त्रैराशिक शिकून आयुष्यात काय उपयोग झाला, असं विचारणाऱ्यांनी हा उपयोग लिहून ठेवावा.

यावर ‘कॅनडाचं आम्हाला काय सांगता, आपल्या परंपरेत असं नाही’ असा आक्षेप येणार, म्हणून परंपराही पाहून घेऊ. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. राज्य कसं चालवावं इथपासून हत्ती, संगीत, खेळ असं सगळं त्यात आहे. गळ टाकून मासे पकडण्याच्या करमणुकीवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि पकडलेल्या माशाचं पुढे काय करायचं याचीही सोय आहे. मासा तुकडे करून स्वच्छ धुवावा, चिंचेच्या कोळात शिजवावा, गव्हाचं पीठ भुरभुरवून तापल्या तेलात तांबूस तळावा, वरून सैंधव, वेलदोडा आणि मिऱ्याची पूड घालावी. संपलं. मिरचीचा उल्लेख नाही, कारण ती पोर्तुगिजांबरोबर इकडे यायला अजून जवळपास चार शतकं होती. म्हणजे आंबट लावा, पीठ लावा, तेलात सोडा, हा राजमार्ग नऊशे वर्षांपूर्वीच आखून झाला होता, आणि आखणारा खरोखरच राजा होता. त्यानंतर या कृतीत मिरचीची भर पडली, वेलदोडा गळाला आणि बाकीची सगळी प्रगती चर्चेत झाली. राजाच्या मुदपाकखान्यात ‘गॅस जरा बारीक कर’ असं मागून सांगणारं कोणी नसावं, हा त्या कृतीच्या आटोपशीरपणाचा एक संभाव्य खुलासा.

चर्चेला तोंड फुटतं ते बाजारातच. सुरमई घ्यायला निघालेला माणूस आधी पापलेटपुढे उभा राहतो. २०२३ पासून पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि राज्यमाशाला मान दिल्याशिवाय पुढे जाणं बरं दिसत नाही. भाव ऐकला की मान खाली घालून तो पुढे सरकतो. मग सुरमईपाशी आल्यावर ‘मावशी, ताजी आहे ना?’ हा प्रश्न. जगातल्या कुठल्याही कोळणीने याला आजवर ‘नाही, परवाची आहे’ असं उत्तर दिलेलं नाही, तरी तो विचारला जातो. ती म्हणते, ‘कल्ले बघा ना दादा,’ आणि दादा कल्ले उचलून आत बघतात. आत लाल दिसायला हवं की गुलाबी, याबद्दल दादांची खात्री नसते, पण ते गंभीरपणे ‘हं’ म्हणतात. या सगळ्या व्यवहारातला एकच महत्त्वाचा प्रश्न त्यानंतर येतो: ‘तुकड्या जाड करू की पातळ?’ पुढच्या सात मिनिटांचं सगळं भवितव्य याच्या उत्तरावर ठरणार असतं, आणि दादा म्हणतात, ‘मध्यम.’ मग शंका येऊन घरी फोन लावतात. ‘बाबा म्हणतायत जाड.’ ‘आई म्हणते पातळ, नाहीतर काट्यापाशी कच्ची राहते.’ ‘ताईला विचार, तिने परवा रील पाहिलंय.’ इकडे मावशींच्या कोयत्याला फोनवरच्या मतदानाशी कर्तव्य नसतं. मधल्या तुकड्या बोटभर, शेपटीकडच्या त्याहून बारीक, आणि डोकं कालवणासाठी वेगळ्या पिशवीत, असा निकाल लागून पुढचं गिऱ्हाईकही पुढे आलेलं असतं.

एवढ्या सरळ गोष्टीचा एवढा फाफटपसारा का होतो? मूर्खपणामुळे, हे सोपं उत्तर झालं. आणि ते खरंही नाही. खरं कारण कालनिर्णयात आहे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा आणि शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यांतला एखादा एकादशी किंवा संकष्टी पळवते. जून-जुलैमध्ये माशांच्या विणीचा हंगाम म्हणून ट्रॉलर बंद आणि बर्फातल्या माशावर भागवायचं, आणि होड्या पुन्हा समुद्रात जाईपर्यंत श्रावण येऊन ठेपलेला असतो. इतकी वाट पाहून, किलोला डोळे पांढरे होतील एवढे पैसे मोजून आणलेली वस्तू सात मिनिटांत तयार होते, हे मनाला कसं पटावं? जे महाग आहे त्याला वेळ लागलाच पाहिजे, अशी आपली श्रद्धा आहे. डॉक्टरने दोन मिनिटांत औषध लिहून दिलं तर फी जास्त वाटते. त्याच डॉक्टरने बाहेर दोन तास बसवलं की तो हुशार ठरतो. सुरमईलाही आपण असंच बाहेर बसवतो. फरक एवढाच, की तिथे वाट पाहणाऱ्याची तब्येत बरी होण्याची थोडी तरी शक्यता असते.

सुरमईला बाहेर बसवण्याचा अधिकृत मार्ग म्हणजे मसाला लावून ठेवणं, आणि या लेखावरचा सर्वांत वजनदार आक्षेपही इथलाच आहे. मुरल्याशिवाय चव कशी येणार? हळद, तिखट, मीठ, आलं-लसणाचं वाटण, कोकमाचं आगळ नाहीतर लिंबू. गोव्याकडचं घर असेल तर व्हिनेगर घालून वाटलेला रेशाद मसाला. हा सगळा सरंजाम तुकडीच्या आत शिरायला वेळ नको का? वेळ द्यायला हरकत नाही, पण आत शिरणार कोण, हे आधी पाहायला हवं. मीठ शिरतं, तेही सावकाश. हळदीचा रंग आणि मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात विरघळणारे आहेत आणि सुरमईच्या आत मुख्यतः पाणीच असतं. त्यामुळे रात्रभर ठेवली तरी हळद वरच्या थराखाली फारशी जात नाही. सकाळी ती होती तिथेच बसलेली असते, फक्त जास्त वेळ बसलेली असते. खरा उद्योग करतं ते आंबट. आंबटामुळे माशातली प्रथिनं उष्णतेशिवायच घट्ट होऊन पांढरी पडतात. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात सेविचे नावाचा पदार्थ याच तत्त्वावर करतात: कच्च्या माशाचे बारीक तुकडे, त्यावर लिंबाचा रस, दहा-वीस मिनिटांत पदार्थ तयार, चूल पेटवायचीच नाही. म्हणजे तिकडच्या माणसाच्या हिशोबाने आपण रात्री लिंबू चोळून ठेवलेली सुरमई झोपायच्या आधीच झालेली असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपण ती पुन्हा एकदा शिजवतो. ती खडूसारखी भुसभुशीत लागली की दोष कोळणीला. तरी आंबट लावायचं ते उगाच नाही. समुद्रातल्या माशाला जो उग्र वास येतो त्यामागचं ट्रायमिथिलअमाइन हे रसायन आम्लाने शांत होतं. पण त्या कामाला पंधरा-वीस मिनिटं पुरे होतात. तेवढ्यात भाताचा कुकर होतो, ही निसर्गाने करून ठेवलेली सोय आहे.

इथे विज्ञान बाजूला सारून आक्षेपक आईला मध्ये आणतो. ‘आमच्याकडे आई रात्रभर लावून ठेवायची, तसली चव आता कुठे?’ हा युक्तिवाद बिनतोड असतो, फक्त बोलताना आई खोलीत नसावी. असली की ती म्हणते, ‘मी कधी रे रात्रभर लावली? फ्रिज तरी होता का घरात? दहाला मासे यायचे, साडेबाराला तुम्ही पाटावर.’ मुलाची आठवण आणि आईची आठवण यांच्यात असा बारा तासांचा फरक पडतो, आणि घरोघरी लोक मुलाच्या आठवणीवर विश्वास ठेवतात, कारण ती जास्त चविष्ट असते. एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. सुरमई ही बांगडा आणि ट्यूना यांच्या कुळातली. या कुळातला मासा उबेत पडून राहिला तर जिवाणूंमुळे त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते मग कितीही तळलं तरी जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, आणि घरातले लोक म्हणतात, ‘मसाला फार झाला वाटतं.’ तेव्हा ओट्यावर तासन्‌तास मुरत ठेवण्याच्या हौसेला इथे सरळ विरोध नोंदवलेला बरा. लावून ठेवायचंच असेल तर फ्रिजमध्ये ठेवावं, आणि लिंबू शेवटच्या वीस मिनिटांत पिळावं.

आणखी एका धार्मिक विधीकडेही बघायला हवं, तो म्हणजे धुणं. पाच पाण्यांनी धुतलेली तुकडी तशीच निथळत मसाल्यात जाते. तिच्या अंगावरचं पाणी मसाला पातळ करतं आणि ताटलीच्या तळाशी केशरी तळं साचतं. ते तळं पाहून ‘छान सुटलाय मसाला’ असं समाधान व्यक्त करण्याची पद्धत आहे. वस्तुतः बाराशे-पंधराशे रुपयांच्या ऐवजातून सुटून चाललेला रस आणि चमचाभर तिखट आपण कौतुकाने पाहत असतो. स्वच्छ फडक्याने तुकडी दोन्ही अंगांनी टिपून घ्यायला अर्धं मिनिट लागतं. पण टिपून घेण्यावर कोणाचं काही मतच नसल्यामुळे ते कोणी करत नाही. वाद नसलेली पायरी आपल्या घरात टिकत नाही, असं दिसतं.

वाद टिकतो तो रव्याचा. एक पक्ष रव्याचा, एक तांदळाच्या पिठाचा, आणि त्यांच्यातले मतभेद लग्न जुळल्यानंतरच उघडकीस येतात, कारण पत्रिकेत त्यासाठी रकाना नाही. रव्याने कुरकुरीत, दाणेदार कवच येतं. पिठाने पातळ आणि माशाला चिकटून राहणारं. दोन्ही चांगली लागतात, पण हे कबूल करणाऱ्याला दोन्ही घरांत मान राहत नाही. काही घरांत निम्मा रवा, निम्मं पीठ असं युतीचं सरकार चालतं आणि ते इतर युत्यांपेक्षा बरंच टिकाऊ निघालं आहे. या वादात खरी अडचण वेगळीच होते. रवा जिंकला की विजयाच्या भरात सगळ्या तुकड्या आधीच घोळवून ठेवल्या जातात. अर्ध्या तासात रवा ओल पिऊन सांज्यासारखा होतो आणि तव्यावर गेल्यावर त्याचा थर सोलून निघतो. मग पिठाचा पक्ष काही न बोलता फक्त एकदा तव्याकडे आणि एकदा छताकडे बघतो. तुकडी एका हाताने रव्यात आणि दुसऱ्या हाताने तव्यात, इतकंच अंतर राखलं तर रवाही बदनाम होणार नाही.

आता तवा. इथवर सगळं बरोबर झालं असलं तरी सुरमईची वाट लावायला इथे पुरेशी संधी आहे. माशाची प्रथिनं गरम लोखंडाला आधी घट्ट धरतात. खालचा थर सुकून लालसर झाला की पकड आपोआप सुटते. हा लाल रंग आणि तो खमंग वास ज्या रासायनिक क्रियेने येतो, तिचा शोध लुई-कामिय मेलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये लावला. ती क्रिया नीट वेग घेते १४० अंशांच्या आसपास, आणि पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान शंभराच्या फार वर जात नाही. म्हणून आधी पाणी जाऊ द्यायचं, मग रंगाची अपेक्षा करायची. तेलाचा चर्रर्र आवाज म्हणजे ते जाणारं पाणी आहे. आवाज मऊ पडला की काम होत आलं. डोळ्यांनी पाहायचं असेल तर तुकडीच्या कडेकडे बघावं. करडं, किंचित पारदर्शक मांस खालून वर पांढरं होत जातं आणि ती पांढरी रेघ कडेने चढताना स्वच्छ दिसते. रेघ अर्ध्याच्या जरा वर आली की एकदा उलटायचं. एकदाच. मात्र ही रेघ चढायला तीन-चार मिनिटं लागतात, आणि तव्याजवळ उभ्या असलेल्या माणसांना तीन-चार मिनिटं काही न करता राहणं जमत नाही. ‘लागली का खाली?’ ‘जरा उचलून बघ.’ ‘गॅस मोठा कर, तेल पितेय.’ ‘बारीक कर, करपतेय.’ तळणारी व्यक्ती अखेर कालथा घालते. सुटायला तयार नसलेली तुकडी अर्धी उचलली जाते, अर्धी तव्यावर राहते, आणि जमलेल्या सर्वांना आपापलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान मिळतं. लसणाचं जाडंभरडं वाटण असेल तर त्याचे कण मधल्या काळात काळे होऊन तेलभर पोहत असतात, आणि दुसऱ्या घाण्याची सुरमई त्यांच्यासकट वर येते.

तंत्रज्ञानाने हा प्रश्न सोडवला आहे, असंही एक मत आहे. १९३८ साली रॉय प्लंकेट हा अमेरिकी रसायनतज्ज्ञ फ्रिजमध्ये वापरायचा वायू शोधत असताना त्याला अनपेक्षितपणे टेफ्लॉन सापडलं, आणि त्यातूनच पुढे काहीही न चिकटणारा तवा आला. चिकटणं थांबलं, हे मान्यच करायला हवं. पण चिकटत नाही म्हटल्यावर भीती संपली, आणि भीती संपल्यावर तीच तुकडी सहा-सहा वेळा उलटली जाऊ लागली. पूर्वी ती तव्याला चिकटून तुटायची, आता उत्साहाने तुटते. एअर फ्रायरचे पुरस्कर्ते याहून वरच्या पायरीवर आहेत. तेल चमचाभर, वास कमी, शेजाऱ्यांना पत्ता नाही. आधी यंत्र तापवायचं, मग बारा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उघडून उलटायचं. म्हणजे तव्याच्या दुप्पट वेळ झाला. त्यावर खाणारे म्हणतात, ‘अगदी तळल्यासारखी लागते.’ तळलेली सुरमई सात मिनिटांत होत असताना तळल्यासारखी सुरमई पंधरा मिनिटांत करण्याचं कारण प्रकृती असेल तर आदरच आहे. पण वेळ वाचवणं हे कारण असेल तर पुन्हा त्रैराशिकाकडे जावं लागेल.

एवढ्या अडथळ्यांतून पार पडलेली तुकडी तव्यावरून उतरते तेव्हा ती खरोखर अप्रतिम असते. ही अवस्था पाच मिनिटं टिकते, आणि त्या पाच मिनिटांत आपल्याकडे कोणी जेवत नसतं. तव्यात चार तुकड्या मावतात, घरात माणसं सात. ‘गरम आहे तोवर बसा’ ही एक घोषणा आणि ‘सगळे आल्याशिवाय कसं बसायचं?’ ही दुसरी. दोन्ही एकाच तोंडातून, एकाच मिनिटात येतात. मग पहिला घाणा डब्यात जातो आणि डब्याला झाकण बसतं. झाकणाखाली वाफ कोंडते, वाफेने कवच मऊ पडतं, आणि पावणेचार तास ज्याच्यासाठी वाद घातला तो कुरकुरीतपणा आंघोळीला गेलेल्या एका माणसाची वाट पाहत डब्यात मरतो. जाळीवर उघड्या ठेवल्या तर जरा टिकतील, पण उघडा मासा आणि घरातलं मांजर यांचा जुना इतिहास आहे. बसल्यावर वाटणी. मधली, पोटाकडची तुकडी पाहुण्यांना किंवा जावयांना, तिच्या शेजारची मुलांना, आणि अशी ती उतरंड शेपटीपर्यंत येते. सगळ्यांच्या सूचना ऐकत जी व्यक्ती तव्याशी उभी होती, ती सर्वांत शेवटी बसते आणि म्हणते, ‘मला शेपटीकडचीच आवडते.’ इतक्या घरांतल्या इतक्या बायकांना नेमकी शेपटीकडचीच तुकडी आवडावी, हा योगायोग संख्याशास्त्रात बसत नाही. पण त्यावर आजवर कोणाही जेवणाऱ्याने शंका घेतलेली नाही, कारण शंका घ्यायला तोंड रिकामं लागतं.

शेवटचा आक्षेप व्यावहारिक आहे. समजा, हे सगळं पटलं. वीस मिनिटं मसाला, टिपून घेतलेली तुकडी, ऐन वेळी रवा, एकदाच उलटणं, आणि बसलेल्या माणसांना थेट तव्यावरून वाढणं. मग रविवारचे वाचलेले तीन तास घरातल्या एवढ्या माणसांनी घालवायचे कसे? याला उत्तर आहे. सुरमईबरोबर सोलकढी लागते, आणि सोलकढीला झटपट मार्ग नाही. नारळ फोडायचा, खोवणीवर बसून खोवायचा, लसूण-मिरची घालून वाटायचा, कोमट पाण्यात पिळून दूध काढायचं, गाळायचं, तोच चोथा पुन्हा वाटून पुन्हा पिळायचा, मग भिजत घातलेल्या कोकमाचं पाणी त्यात घालायचं. भरपूर वेळ लागतो, हात भरून येतात, आणि मत द्यायलाही पुष्कळ जागा आहे. तरीही तव्याभोवती दाटी करून उभी असलेली सगळी तज्ज्ञ मंडळी नारळ फुटल्याचा आवाज ऐकताच पेपर, फोन आणि गॅलरी यांत विखुरतात. आणि खोबरं जाड खोवावं की बारीक, या प्रश्नावर सबंध घरात एकाचंही काही म्हणणं नसतं.